वारीचे दिवस सोडून लोणंद ते बरड चालायचं असेल तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ६१ वर्षांच्या, यजमान ६७ चे, राहायला सांगलीत. माऊलींच्या पालखीबरोबर चालायचं मनात होतं ते राहून गेलं. आता यजमानांना डॉक्टरांनी गर्दी टाळायला सांगितलीय, त्यांना शुगर आहे, आणि तुमचा उजवा गुडघा चढ-उतारावर दुखतो. म्हणून डिसेंबरात दोघांनीच लोणंद ते बरड चालायचं, तेही पालखीच्याच टप्प्यांनी. हे झेपेल का, मुक्काम कुठे करायचा आणि एखादा दिवस अनवाणी चाललं तर काय, असं तुम्ही विचारलंय.

झेपेल. पण टप्पे पालखीचे ठेवू नका, आणि रस्ताही पालखीचाच धरून बसू नका. असं का म्हणते ते जरा सविस्तर सांगते. मी फलटण तालुक्यातली. आषाढात दिंडीबरोबर चालते आणि हिवाळ्यात ओळखीतल्या चार-सहा जणांना ह्याच पट्ट्यात पायी फिरवते. त्यातले बहुतेक तुमच्याच वयाचे असतात.

वारीत साठी-सत्तरीची माणसं २० किलोमीटर सहज चालतात, मग आपण का नाही, असा विचार मनात येणं साहजिक आहे. पण वारीत त्या माणसाच्या मागेपुढे काय काय चाललेलं असतं ते आठवा. त्याची वळकटी दिंडीच्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामी गेलेली असते. तंबू लागलेला असतो. पाण्याचे टँकर उभे असतात, गावोगाव चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू हातात येतात, दुपारचं जेवण विसाव्याला तयार असतं, पाय चेपून द्यायला आणि गोळी द्यायला माणसं बसलेली असतात. वाहतूक बंद केलेली असते. वर आषाढाचं ढगाळ आभाळ, आणि पुढे वीणेकरी, टाळकरी. पाय त्या ठेक्यावर पडत राहतात. डिसेंबरात तुम्ही दोघं त्याच रस्त्यावर उभे राहाल तेव्हा ह्यातलं काहीच नसेल. रस्ता तेवढा असेल, आणि तोही आता निराळा झालाय.

आधी टप्प्यांचं बघू. लोणंद ते तरडगाव सुमारे ८ किलोमीटर, तरडगाव ते फलटण सुमारे २१, फलटण ते बरड सुमारे १८. एक दिवस निम्मा आणि पुढचे दोन जवळजवळ दुप्पट-अडीचपट, असं का? कारण पालखीचा तळ माणसाच्या दमावर ठरत नाही. एवढा समाज उतरेल एवढं मोकळं रान, पाणी आणि बाजार जिथं आहे तिथं तो पडतो. फलटणला विमानतळाचं मैदान आहे, लोणंदला बाजारपेठ आहे. हे सगळं कोष्टक लाखभर माणसांच्या सोयीचं आहे. दोन माणसांना त्याची गरज नाही. तुम्हाला कुठलंही झाड पुरतं आणि कुठलाही एसटी थांबा पुरतो. ही तुमची मोठी सवलत आहे, ती वापरा.

ह्यात श्रद्धेला काही उणं येतं असं मला वाटत नाही. आज आपण बघतो तो सोहळा बांधला हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२ साली. आरफळ आपल्या सातारा तालुक्यातलंच गाव. हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी होते, त्यामुळे घोडे, तंबू, जरीपटका, चोपदार, हा लष्करी थाट आणि शिस्त सोहळ्याला आली. त्याआधीही लोक पंढरीला चालत जातच होते. ज्याला जसं जमेल तसं, ज्या वाटेनं जमेल त्या वाटेनं. तुम्ही दोघं त्यांच्यासारखे जाताय.

आता रस्ता. आळंदी-पंढरपूर पालखी मार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं. वारकऱ्यांसाठी कडेनं स्वतंत्र पायवाट हा त्या आराखड्याचा भाग आहे, आणि जिथं ती नीट झालीय तिथं चालायला बरीही आहे. पण रुंदीकरणात कडेचे जुने वड आणि लिंब गेले. नवी लावलेली झाडं डोक्यावर सावली धरायला बरीच वर्षं लागतील. सिमेंटचा रस्ता दहा वाजल्यापासून तापतो आणि कठीण असल्यामुळे गुडघ्याला प्रत्येक पावलाला हादरा देतो. त्यात डिसेंबर म्हणजे भर गाळप हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, त्यांना ओलांडणारे ट्रक, मधून सुसाट मोटारी. आवाज इतका असतो की शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. पालखी मार्गावर चालायचं म्हणून आलेली माणसं दुपारपर्यंत कंटाळून एसटीला हात करतात, ते ह्या आवाजानं. पाय थकलेले नसतातच.

म्हणून मी काय करते, तर महामार्गाचे फक्त ते तुकडे घेते जिथं थांबण्यासारखं ठिकाण आहे. बाकीचं अंतर कालव्याच्या रस्त्यानं आणि पाणंदीनं, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेनं.

नीरा उजवा कालवा वीर धरणातून निघतो आणि खंडाळा, फलटण करत पुढे माळशिरसकडे जातो. कालव्याची एक गोष्ट चालणाऱ्याच्या फार कामाची आहे. पाणी आपल्या उतारानं वाहायला हवं म्हणून कालवा जमिनीची पातळी धरून, टेकाडांना वळसे घालत काढलेला असतो. त्यामुळे त्याच्या कडेच्या रस्त्याला चढ असा नसतोच. तुमच्या गुडघ्याला ह्याहून चांगली वाट सापडणार नाही. मातीचा, मुरमाचा रस्ता, पाऊल मऊ पडतं. वळशांमुळे अंतर वाढतं हे मात्र लक्षात ठेवा. महामार्गानं पाच किलोमीटर दिसणारं गाव कालव्यानं सात भरू शकतं.

आणि बघायला किती असतं! नदीच्या अंगाला ऊस, केळी, मका, सगळं हिरवं. दुसऱ्या अंगाला शाळू, हरभरा, बोरीबाभळी, मेंढरं. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांना दोन मुलुख दिसतात. धोम-बलकवडी धरणाचं पाणी वरच्या गावांकडे यायला लागल्यापासून हा फरक पूर्वीइतका ठळक राहिला नाही, पण अजून कळतो. डिसेंबरात शाळू पोटऱ्यात असतो, सकाळी त्याच्या पानावर दव इतकं असतं की बांधाच्या कडेनं शंभर पावलं गेलात तरी साडीचा काठ भिजतो. वेड्या राघूंची रांग तारेवर बसलेली असते, एकेक खाली झेपावतो, माशी पकडतो आणि नेमका आपल्या जागेवर परत येऊन बसतो. ऊसतोड मजुरांच्या कोप्या कालव्याच्या कडेला असतात. पहाटे चुली पेटलेल्या, बायका भाकऱ्या थापून फडावर निघायच्या घाईत, पोरं शेकत बसलेली. बीडकडून, जतकडून आलेली माणसं असतात ती. थांबून राम राम केला तर बोलतात, पण त्यांना वेळ नसतो, हे ओळखून पुढे व्हावं. आणि फोटो विचारल्याशिवाय काढू नये.

कालव्याचे नियम चारच सांगते, पण ते पाळाच. पाण्याकडच्या काठानं चालायचं नाही, शेताकडच्या बाजूनं चालायचं. तोंड धुवायला किंवा पाय बुडवायला आत उतरायचं नाही. अस्तरावर शेवाळ असतं, पाय सटकला की धरायला काही नसतं आणि आवर्तन, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, चालू असताना त्याला ओढ जबरदस्त असते. अंधार पडायच्या आत कालवा सोडायचा, कारण उसाच्या कडेला घोणस असते आणि थंडीत ती ऊब शोधत वाटेवर येऊन पडते. आणि रस्ता पाटबंधारे खात्याचा आहे, तेव्हा कुठे फाटक लावलं असेल किंवा काम चालू असेल तर हुज्जत न घालता मागे फिरायचं.

पाणंदी ह्याहून सुंदर, पण त्यांचा भरवसा नाही. काही गावांनी मुरूम टाकून चांगल्या केल्यात, काही दोन्हीकडून बांध कोरून कोरून माणूसभर उरल्यात. अवकाळी पाऊस झाला असेल तर काळ्या रानातल्या पाणंदीत शिरूच नका. चिखल बुटाला असा चिकटतो की दहा पावलांत पाय दुप्पट जड होतो, आणि ओल्या काळ्या मातीवर घसरून पडणं साठीनंतर परवडत नाही. अशा दिवशी गावातला डांबरी रस्ता बरा.

वाट विचारायची कशी हेही सांगते, कारण फोनवरचा नकाशा पाणंद दाखवतो पण ती चालती आहे की नाही ते सांगत नाही. किती लांब आहे असं विचारलंत तर "एवढं काय, हितंच हाय" असं उत्तर येणार, कारण सांगणारा मोटरसायकलवरून जातो. त्यापेक्षा विचारा, "ह्या वाटेनं ट्रॅक्टर जातो का? मधे ओढा आडवा येतो का? ओढ्याला पाणी हाय का?" ह्या तीन प्रश्नांत सगळं कळतं. आणखी एक, आमच्याकडे कुणी "पंचवीस फाट्यावरनं वळा" म्हणालं तर तो रस्त्याचा फाटा नसतो, कालव्यातून निघालेल्या पाटाचा नंबर असतो. तिथं पाटी असेलच असं नाही. विडणीच्या बाजूला हे हमखास ऐकायला मिळेल.

आता दिवस कसे पाडायचे. तुम्ही चार दिवस म्हणालात, मी सहा ठेवा म्हणते, त्यातला एक पूर्ण विश्रांतीचा.

पहिल्या दिवशी नीरा ते लोणंद. तुमच्या यादीत नीरा नाही, पण माझं ऐकाल तर सुरुवात तिथूनच करा. सांगलीहून येताना लोणंदच्या पुढचंच मोठं स्टेशन नीरा. सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, तेवढं आधी बघा. नाहीतर लोणंदला उतरून एसटीनं मागे या. नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. ह्याच तीरावर दत्त घाटावर माऊलींच्या पादुकांना नीरास्नान घालतात. पालखी जिल्ह्यात येते ती अशी. घाटावर पंधरा-वीस मिनिटं बसून मग पाडेगावमार्गे लोणंद. पाडेगावला १९३२ पासूनचं ऊस संशोधन केंद्र आहे. पुढचे पाच दिवस ज्या उसातून तुम्ही चालणार त्यातला बराचसा को ८६०३२ ह्या वाणाचा असेल, त्याची शिफारस ह्याच केंद्रातून झाली. एकूण आठेक किलोमीटर. पहिल्या दिवशी एवढंच.

दुसऱ्या दिवशी लोणंद ते तरडगाव, पुन्हा आठच्या आसपास. लोणंदचा कांद्याचा बाजार मोठा, बाजाराच्या दिवशी गावातून बाहेर पडायलाच वेळ जातो. तेव्हा सकाळी लवकर निघा. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब. इथं सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण होतं. वारकरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना ओळी धरून उभे राहतात आणि मधल्या मोकळ्या वाटेनं स्वारीचा आणि माऊलींचा घोडा दौडत जातो. डिसेंबरात तिथं रहदारीखेरीज काही नसतं, तरी तुम्ही थांबालच, आणि थांबावंच. ह्या दिवसाचा बराच भाग मी महामार्गाच्या कडेनंच चालते, कारण ते ठिकाण चुकवून चालणार नाही.

तरडगाव ते फलटण हे २१ किलोमीटर दोन दिवसांत. वाटेत काळज, सुरवडी, निंभोरे, वडजल अशी गावं. तिसऱ्या दिवशी तरडगावहून सुरवडीपर्यंत गावरस्त्यांनी आणि कालव्यानं, तिथून एसटीनं मुक्कामाला. चौथ्या दिवशी परत सुरवडीला येऊन पुढे फलटण. चौथ्या दिवशी अंतर बाराच्या पुढे जाईलसं वाटलं तर वडजलपासून फलटणपर्यंत बसमध्ये बसा. शहराजवळचा तो तुकडा चालण्यासारखा उरलेला नाही.

पाचवा दिवस फलटणला विश्रांती. पाय वर करून बसा, आणि ऊन उतरल्यावर गाव बघा. राममंदिर आणि शेजारचा नाईक निंबाळकरांचा राजवाडा, म्हणजे महाराणी सईबाईंचं माहेरघराणं. जब्रेश्वराचं दगडी मंदिर छोटं आहे, पण बाहेरच्या भिंतीवरचं काम जवळ जाऊन बघा. श्रीचक्रपाणी महाराजांचं जन्मस्थान म्हणून महानुभाव पंथीयांनाही फलटणचं मोठं महत्त्व आहे, त्यांची मंदिरं गावात आहेत. तिथं गेलात तर "दंडवत प्रणाम" म्हणायचं. तारखा ठरवताना मात्र एक सांभाळा. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, देवदिवाळीला, फलटणला श्रीरामाचा रथोत्सव असतो. सोहळा देखणा असतो, पण तुम्हाला गर्दी टाळायचीय. तेव्हा ते तीन-चार दिवस सोडून या, लॉजही त्या दिवसांत मिळत नाहीत.

सहाव्या दिवशी फलटणहून विडणी, पिंपरद, निंबळक फाटा करत बरड. १८ किलोमीटर पूर्ण चालायचा हट्ट नको. फलटणहून विडणीपर्यंत बस, तिथून कालव्यानं पिंपरदकडे, दुपारी लांब विसावा, आणि उरलेलं अंतर अंगात असेल तेवढंच. बरडला पोचून तळाच्या जागी नमस्कार करायचा, एवढं तुमच्या मनात आहे ना? शेवटचे चार किलोमीटर चालून पोचा, मधले सोडा.

मुक्काम. तरडगाव, बरड ह्या गावांत लॉज नाहीत. देवळाची ओवरी, शाळा, मंगल कार्यालय हे वारीत उघडं असतं, एरवी कुणाला तरी विचारून कुलूप काढून घ्यावं लागतं. गावं आपुलकीची आहेत, दोन वयस्क माणसं संध्याकाळी दारात उभी राहिली तर कुणी उपाशी ठेवणार नाही. पण आपण ते गृहीत धरून निघू नये. शिवाय देवळाच्या फरशीवर डिसेंबरात झोपणं, रात्री दोनदा उठायची सवय असलेल्या माणसाला, सोपं नाही. मी सगळ्यांना पहिली रात्र लोणंदला आणि पुढच्या सगळ्या फलटणला ठेवते. मोठी पिशवी खोलीवर, पाठीवर फक्त दिवसाचं सामान. लोणंद-फलटण आणि फलटण-नातेपुते एसटी दिवसभर असतात. साध्या गाडीनंच जायचं, जलद गाड्या मधल्या गावांना थांबत नाहीत. तुम्हाला महिला म्हणून अर्धं तिकीट, यजमानांना ६५ च्या पुढचे म्हणून अर्धं, फक्त आधार कार्ड जवळ असू द्या. शेवटची गाडी किती वाजता हे सकाळीच कंडक्टरला विचारून ठेवायचं. माझा दिवस मी किलोमीटरनं मोजतच नाही. परतीची गाडी कुठे आणि कितीला मिळणार, तिथून मागे मोजत येते.

वेळापत्रक असं: उजाडलं की, म्हणजे सातला, निघायचं. पहाटे स्वेटर, कानटोपी लागते आणि अकराला ऊन बोचायला लागतं, इतका फरक असतो. हा जिल्ह्याचा पूर्वेकडचा कोरडा पट्टा आहे, महाबळेश्वराच्या साताऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. अकरा ते तीन थांबायचं. पुन्हा तासभर चालायचं आणि पाचच्या आत संपवायचं. ताशी तीन-साडेतीन किलोमीटर धरा, दर तासाला दहा मिनिटं बूट काढून बसा. दोघांत चार लिटर पाणी जवळ हवं. बहुतेक गावांत ग्रामपंचायतीचं पिण्याच्या पाण्याचं यंत्र असतं, नाण्यावर चालतं, म्हणून सुट्टी नाणी ठेवा. बोअरचं पाणी ह्या पट्ट्यात जड आणि खारट असतं, नवख्या पोटाला बाधतं.

आणि जे कुणी विचारत नाही पण बायकांना सगळ्यात आधी लागतं: स्वच्छतागृह. त्या भीतीनं बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि बाराला त्यांचं डोकं दुखायला लागतं. चालून दमल्या म्हणतात, खरं तर पाणी कमी पडलेलं असतं. सरळ एखाद्या घराच्या दारात जाऊन, बाई दिसली की, "माऊली, जरा बाथरूमला जायचं होतं" म्हणावं. मला कुणी नाही म्हटलेलं आठवत नाही. उलट चहाला बसवतात. तेव्हा पाणी पीत राहा.

आता पायांचं, कारण तुमचा खरा धोका तिथं आहे. अनवाणी चालायचं म्हणालात. तुमच्या यजमानांनी चालू नये, एक पाऊलसुद्धा नाही. साखरेमुळे तळपायाची जाणीव हळूहळू कमी होते. बाभळीचा काटा मोडून आत राहतो, उसाचं खोडकं लागतं, दुखत नाही म्हणून लक्ष जात नाही, आणि आठवड्यानं जखम चिघळलेली दिसते. डॉक्टरांकडून निघायच्या आधी तळपायाची संवेदना तपासून घ्या. ती कमी आहे म्हणाले तर अंतर आणखी निम्मं करा, आणि बूट कुठले घालायचे हेही त्यांनाच विचारा. त्यांच्या गोळ्या-इन्शुलिनच्या वेळा चालण्याच्या दिवसांत बदलाव्या लागतील का, हा प्रश्नही तुम्हीच काढा, डॉक्टर आपण होऊन सांगतीलच असं नाही. खिशात साखरेची पुडी किंवा गूळ कायम. घाम, थरथर, चिडचिड दिसली की आधी ते तोंडात, मग बाकीचं.

तुम्हाला स्वतःला अनवाणी चालायची ओढ असेल तर चांदोबाच्या लिंबापाशी चपला काढा, दत्त घाटावर काढा. देवाच्या ठिकाणी पुरतं.

बूट नवे घेऊन येऊ नका. घ्यायचे असतील तर आत्ता घ्या, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण चालून पाय सुजतो. रोज संध्याकाळी खोलीवर गेल्यावर दोघांनी एकमेकांचे तळवे उजेडात बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. आपला तळवा आपल्याला नीट दिसत नाही म्हणून एकमेकांचे. टाचेला किंवा अंगठ्याखाली गरम, लालसर जागा दिसली तर ती उद्याच्या फोडाची जागा. चालताना तिथं चुरचुर लागली की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावायची, पुढच्या गावापर्यंत कळ काढायची नाही. फोड आलाच तर फोडायचा नाही, वर गोल भोक पाडलेली जाड पट्टी लावून त्यावरचा दाब काढायचा. यजमानांना फोड आला तर त्यांचं चालणं तिथं संपलं असं समजा आणि डॉक्टरला दाखवा.

गुडघ्यासाठी काठी घ्या, डाव्या हातात. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरली तरच ती भार घेते. कुत्र्यांनाही तिचा धाक असतो. वस्तीवरची कुत्री धावून येतात तेव्हा पळायचं नाही, जागेवर उभं राहून घरातल्या माणसाला हाक मारायची.

ह्यातलं किती तुम्हाला लागू पडेल हे तुमच्या आत्ताच्या चालण्यावर आहे. रोज तासभर चालत असाल तर वरचा बेत आरामात होईल. नसाल तर आजपासून सुरू करा. सांगलीत त्यासाठी जागा काय सुरेख आहे! गणपती मंदिरापासून हरिपूरला जायचं, कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराला नमस्कार करून परत यायचं. जाऊन-येऊन साताठ किलोमीटर भरतात, म्हणजे आपला पहिला दिवसच. तेच बूट, तीच पाठपिशवी, तीच काठी घेऊन आठवड्यातून दोनदा करा. निघायच्या आधी लागोपाठ दोन दिवस करून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कसा वाटतो त्यावरून ठरवा. सुजला नाही तर या. सुजला तर बेत मोडू नका, दिवसाचं अंतर पाचावर आणा आणि बाकी एसटी.

आणि तोही जड वाटला तर तुमच्या आणखी जवळ एक वाट आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात आहेत, दोन तुमच्या सांगलीत, बहे आणि शिराळ्याला. चाफळला राममंदिराशेजारी दोन, तिथून माजगावचा आणि शिंगणवाडीचा चालत जाण्याच्या अंतरावर. शिंगणवाडीला थोडा चढ आहे, तो गुडघ्याला विचारून. उंब्रजला मुक्काम करून दोन दिवसांत निवांत होतं. पण तुमचं मन पालखीच्या वाटेवर आहे हे प्रश्नातच दिसतंय, म्हणून हे फक्त जवळ असू द्या.

निघण्याआधी दोन गोष्टींची चौकशी करा. कालव्याला आवर्तन कधी सुटणार हे फलटणला पाटबंधारे कचेरीत कळतं. आवर्तनात रस्ता बंद नसतो, पण काठ ओले असतात. आणि आठवडाभर आधी पाऊस पडला होता का हे लॉजवाल्याला फोन करून विचारा, त्यावर पाणंदी धरायच्या की नाही ते ठरेल.

बरडनंतर पंढरपूर गाठायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सहा दिवस चालल्यावर परत सांगलीला वळणं जिवावर येईल. बरडच्या पुढे साधूबुवाचा ओढा, मग धर्मपुरीला पालखी सोलापूर जिल्ह्यात जाते. तुम्ही बरडहून एसटी धरा. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, सगळे पुढचे तळ ह्याच रस्त्यावर खिडकीतून दिसतात. पंढरपूरला एक रात्र ठेवा आणि दर्शनाला एकादशी, शनिवार-रविवार सोडून जा, म्हणजे रांग यजमानांना झेपेल. तिथून सांगली-मिरजेला एसटीही आहे आणि मिरजेची रेल्वेही.